एक बदाम दाबला आणि दादा बोलेनासा झाला

ताई,
मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. माहेर दारव्ह्याकडचं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. सात एकर शेत आहे आणि सातबाऱ्यावर आई, दादा, मी आणि लहान बहीण अशी चार नावं चढली आहेत. दादा म्हणत होता, एक दिवस येऊन हक्कसोडपत्रावर सही करून द्या. आम्ही दोघी हो म्हटलं होतं. संक्रांतीच्या सुमारास इन्स्टाग्रामवर एका वकिलाचं रील आलं, मुलींचा बापाच्या शेतात किती हक्क असतो त्याबद्दल. पुन्हा ऐकता यावं म्हणून मी बदाम दाबला. दोन दिवसांनी वहिनीनं त्या रीलचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला. कोपऱ्यात माझा फोटो आणि त्यावर लाल बदाम. दादाचा फोन आला. "वकिलाईचे रील पाहून राहिली म्हणे तू?" एवढंच बोलला आणि ठेवून दिला. मग ग्रुपमधून निघून गेला. तेव्हापासून मी मेसेज टाकते, टिका निळ्या होतात, उत्तर येत नाही. वहिनी रोज स्टेटस ठेवते, रक्ताची नाती सातबाऱ्यावर मोजतात म्हणून. माझ्या मोबाईलवर आता भाऊ-बहिणीच्या भांडणाचेच रील येतात आणि ते पाहून पाहून मला सगळेच भाऊ चोर वाटायला लागले आहेत. मुलगी म्हणते, अकाउंट उडवून टाक. घरधनी म्हणतात, ग्रुपवर लिहून दे की चुकून दाबल्या गेलं. व्हॉट्सॲपच्या त्या निळ्या गोलाला मी विचारलं होतं की हक्कसोडपत्र म्हणजे काय. तेही दादाला दिसलं असेल का? आईचा फोन साधा आहे, तिला यातलं काय माहीत आहे ते मला ठाऊक नाही. मी काय चूक केली तेच कळत नाही. आखाजीला बाबांची घागर भरायची आहे. जाऊ की नको?

---

ताई,

जा. आखाजीला तर जाच, पण त्याच्या आधी एकदा वेगळं जाऊन या. घागर भरायच्या दिवशी घरात दहा पाहुणे असतात, चुलीवर पुरण असतं, पितरांचं पान वाढायची घाई असते. त्या गर्दीत हा विषय निघाला की तिसराच कोणी तोंड घालतो, आणि दोन शब्दांत मिटलं असतं ते दोन वर्षं पुरतं.

आता मोबाईलमध्ये नेमकं काय झालं ते आधी सांगते. तीन महिने तुम्ही स्वतःची चूक शोधता आहात, आणि ती सापडत नाही कारण ती तिथं नाहीच.

इन्स्टाग्रामनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये रीलच्या पानावर 'फ्रेंड्स' नावाचा टॅब आणला. तुम्ही ज्यांना फॉलो करता आणि जे तुम्हाला फॉलो करतात, त्यांनी कोणत्या रीलला लाइक केलं, कुठं कमेंट लिहिली, काय रीपोस्ट केलं, ते त्यात एकामागून एक समोर येतं. वहिनी तुम्हाला शोधत तुमच्या खात्यावर गेली असेल असं समजू नका. ती भाकरी थापून झाल्यावर चार घटका रील पाहत बसली असेल आणि कंपनीनंच ते रील तिच्यापुढं आणून ठेवलं असेल, तुमच्या फोटोसकट.

पूर्वीही इन्स्टाग्रामवर असं काहीसं होतं. आपण ज्यांना फॉलो करतो ते काय लाइक करतात हे दाखवणारा एक टॅब होता, तो २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीनं काढून टाकला. आपल्याकडं मात्र खेड्यापाड्यांत हे ॲप खरं पसरलं ते त्यानंतर. २०२० च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात रील आले, आणि शेतातून घरी आलेली बाई घटकाभर मोबाईल हातात घ्यायला लागली. तेव्हा बदाम दाबणं म्हणजे बहुतेक वेळा आपलं आपल्यापाशी असायचं. रीलखालची हजारो नावांची यादी उघडून त्यात नणंदेचं नाव कोण शोधणार? तुम्ही मोबाईल शिकलात तो या काळात. तुमची सवय त्या काळाची, आणि मधल्या मध्ये खालची जमीन सरकली. बदल झाला तेव्हा एखादी सूचना येऊनही गेली असेल, पण कामाच्या घाईत आपण सगळेच त्या 'ओके' करून पुढं जातो.

मागच्या महिन्यात माझ्या भाच्यानं मला हा टॅब दाखवला. रील चालू होतं आणि खाली कोपऱ्यात तुरीच्या दाण्याएवढा गोल फोटो तरंगत होता, शेजारी बदाम. नीट पाहिलं तर आमच्या नात्यातलीच एक सून, लग्नातल्या हिरव्या शालूतली. रील होतं मूल होत नसेल तर कोणत्या तपासण्या कराव्या याबद्दल. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली. ती या विषयावर माझ्याशी कधी बोलली नाही, बहुधा कोणाशीच नाही. मी मोबाईल पालथा ठेवला. कोणाच्या तरी न्हाणीचं दार चुकून उघडावं तसं मला झालं. संध्याकाळी तिला फोन करून ही सेटिंग कशी बंद करायची ते सांगितलं. कोणतं रील दिसलं ते मी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. फोन ठेवताना मात्र "बरं झालं आत्या तुम्ही सांगितलं" असं ती दोनदा म्हणाली.

म्हणून तुमचं पत्र वाचलं तेव्हा तुमचा बदाम मला लगेच कळला. आपल्या घरांत जमिनीच्या गोष्टी पुरुष ओसरीवर बोलतात आणि बायका माजघराच्या दाराआडून ऐकतात. ऐकता ऐकता एखादीची मान हलते. तुमचा बदाम म्हणजे ती हललेली मान होती. या नव्या टॅबनं मधलं दारच काढून नेलं, आणि ओसरीवर बसलेल्यांना वाटलं की बाई पुढं येऊन बोलली.

आधी हे दार परत लावून घ्या. इन्स्टाग्राममध्ये स्वतःच्या प्रोफाइलवर जा, वर उजवीकडं आडव्या रेघा दिसतात त्या दाबा. सेटिंग उघडली की सगळ्यात वर शोधायची पट्टी असते, तिथं 'फ्रेंड्स टॅब' लिहा. आत तुमचे लाइक आणि बाकी हालचाली कोणाला दिसाव्यात ते निवडता येतं; कोणालाच नको असं निवडा. ॲप अपडेट झालं की या गोष्टींच्या जागा हलतात, म्हणून मुलीला सोबत घेऊन बसा. एवढं केलं तरी रीलखाली कोणी लाइकची यादी उघडून पाहिली तर नाव त्यात राहतंच, हे ध्यानात असू द्या. आणि पुन्हा ऐकायचं म्हणून एखादं रील ठेवायचं असेल तर बदाम नका दाबू. खाली फितीसारखं एक चिन्ह असतं, ते 'सेव्ह'चं. सेव्ह केलेलं दुसऱ्याला दिसत नाही. तुम्हाला हवं होतं ते खरं म्हणजे हेच बटण.

अकाउंट उडवू नका. मुलीचा जीव तुमच्यासाठी तुटतो म्हणून ती तसं म्हणते, पण आज अकाउंट गायब झालं की वहिनीच्या लेखी चोरी कबूल केल्यासारखं होईल. तो जुना बदाम काढून टाकायचीही मला गरज वाटत नाही. स्क्रीनशॉट सगळ्यांकडं पोहोचला आहे, आता बदाम काढला की त्याचाही स्क्रीनशॉट निघेल.

आणि घरधन्यांनी सुचवलं ते मुळीच करू नका. "चुकून दाबल्या गेलं" असं लिहू नका. त्यांचा हेतू चांगला आहे, मिटवायचंच आहे त्यांना. पण ते खरं नाही, आणि दादाला ते खरं वाटणारही नाही. लहानपणापासून तो तुम्हाला ओळखतो. शिवाय या एका वाक्यानं तुम्ही मान्य करून बसता की आपला हक्क काय आहे हे ऐकणंसुद्धा गुन्हा आहे. तो गुन्हा नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित शेतीत मुलीला मुलासारखाच जन्मापासून हक्क मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते यानं त्यात फरक पडत नाही. बाबांनी स्वतः घेतलेलं शेत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तरी आई आणि मुलं-मुली सारखेच वारस. सही करण्याआधी बाईला हे माहीत असायला हवं. माहीत असून तिनं आनंदानं सोडलं तर तो तिचा मोठेपणा. माहीतच नसताना सोडलं तर तिनं काय सोडलं हे तिला तरी कुठं कळलं?

पण ताई, आता दादाच्या जागी बसून तोच स्क्रीनशॉट पाहा. तुम्ही बदाम दाबलात संक्रांतीला. त्यानंतर शेतकऱ्याच्या घरी काय असतं? मार्चअखेर जुनं पीककर्ज भरून नवं करायचं असतं. सातबारा सामाईक असला की सोसायटी असो की बँक, बहुतेक ठिकाणी बाकीच्या खातेदारांची संमती मागतात. म्हणजे बी-बियाण्याच्या पैशासाठी त्याला तुमची, बहिणीची आणि आईची सही लागणार. कापूस घरात आला तेव्हा भाव काय होता हे तुम्हाला सांगायला नको, तुमच्याही घरी पऱ्हाटी आहे. अशा माणसाला एक दिवस बायको मोबाईल दाखवते आणि त्यात वकील, सातबारा आणि बहिणीचा फोटो एका चौकटीत असतो. त्याला तुमचं कुतूहल दिसलंच नाही. त्याला मृगाच्या तोंडावर अडलेली सही दिसली. त्याचं वागणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. एका वाक्यात फोन ठेवणारा भाऊ मलाही आवडत नाही. पण तो चिडला त्याहून जास्त घाबरला असावा, आणि आपल्याकडच्या पुरुषांना भीती वाटली की ते रागावूनच दाखवतात.

तो ग्रुपमधून निघून गेला याचं तुम्हाला फार लागलंय. त्याबद्दल एक गोष्ट सांगते. २०२२ पासून व्हॉट्सॲपमध्ये कोणी ग्रुप सोडला तर त्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, सगळ्यांना नाही. ग्रुप तुम्हीच काढला असेल तर 'दादा गेला' ही ओळ आधी तुमच्यापर्यंतच आली असणार. मामांना, आत्याला, चुलतभावांना ती दिसली नाही. सदस्यांच्या यादीत मुद्दाम शोधलं तरच कळेल. म्हणजे त्यानं गावभर दवंडी पिटली नाही. ज्या ठिकाणी बायकोनं बहिणीचा स्क्रीनशॉट टाकला तिथून तो उठून गेला, एवढंच आपल्याला माहीत आहे. कोणावर रुसून गेला, हे तुम्ही गृहीत धरलंत. मलाही माहीत नाही. विचारल्याशिवाय कळणार नाही.

निळ्या टिकांचंही तसंच. २०१४ मध्ये त्या आल्या तेव्हापासून कितीतरी घरांत त्यांनी भांडणं लावली. निळी टीक एवढंच सांगते की मेसेज त्या मोबाईलवर उघडला गेला. वखर हाकता हाकता उघडला, की लेकरानं उघडला, की वाचून डोळे भरले म्हणून उत्तर सुचलं नाही, यातलं काहीच ती सांगत नाही. दोनच माणसं बोलत असताना गप्प बसलेला माणूस समोर दिसतो, त्याची मान खाली आहे की फिरवलेली आहे ते दिसतं. मोबाईलवर गप्प बसलेल्याचे फक्त दोन निळे काटे दिसतात आणि बाकीचं आपलं मन भरतं. तुमच्या मनानं तीन महिने भरलं. आता त्याला मेसेज टाकणं थांबवा. रागानं नव्हे, जे बोलायचं ते समोर बोलायचं आहे म्हणून.

वहिनीच्या स्टेटसबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण या सदराला येणाऱ्या पत्रांत स्टेटसचे टोमणे फार वाढलेत. सासू सुनेसाठी ठेवते, जाऊ जावेसाठी ठेवते, साक्षगंध मोडलेला मुलगा अख्ख्या गावासाठी ठेवतो. पूर्वी टोमणा मारायचा तर समोर यावं लागायचं, निदान विहिरीवर, निदान आठवडी बाजारात, आणि समोरची उलट बोलेल याची धास्ती असायची. २०१७ पासून व्हॉट्सॲपला हे चोवीस तासांचं स्टेटस आलं आणि ती धास्ती गेली. नाव घ्यायचं नाही, विचारलं तर "मी कुठं तुम्हाला म्हटलं" म्हणायला मोकळं. त्यात बघणाऱ्यांची यादी ठेवणाऱ्याला दिसते. तुम्ही पहाटे पाचला उठून आधी तेच उघडत असाल तर वहिनीला पाच वाजून दोन मिनिटांनी कळतं की टोमणा पोहोचला. तिचा दिवस त्यावर चांगला सुरू होतो आणि तुमचा वाईट.

आणखी एक. स्टेटस कोणाकोणाला दिसावं हे ठेवणारा निवडू शकतो. निवडक लोकांनाच दाखवायचीही सोय आहे. सगळं गणगोत ते वाचतंय आणि माझ्याकडं बोट दाखवतंय, असं तुम्हाला वाटत असेल, पण ते सगळ्यांना दिसतंच असं नाही. तिच्या स्टेटसवर बोट दाबून धरा, 'म्यूट' येईल, ते करा. तिला कळत नाही. नातं तुटत नाही, नंबर ब्लॉक होत नाही, फक्त सकाळ तुमची तुम्हाला परत मिळते. उलट स्टेटस ठेवायचा मोह मात्र आवरा. पत्रात तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण एखादा 'बापाची लाडकी लेक' वाला फोटो शोधून ठेवलेला असेल तर तो तसाच राहू द्या.

आता त्या रीलच्या पुरावर येते. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली ओळ तीच आहे, की सगळेच भाऊ चोर वाटायला लागले. ताई, दादा तीन महिने बोलला नाही, पण या तीन महिन्यांत भाऊ या विषयावर तुमच्याशी शेकडो माणसं बोलली, रोज रात्री, कानाशी. एका बदामावरून यंत्रानं ठरवलं की या बाईला हेच हवं. तुम्ही एखादं शेवटपर्यंत पाहिलं की ते आणखी दहा आणतं. ज्या बहिणीनं हसत सही केली, ज्या भावानं न मागता वाटा दिला, त्यांचं रील कोणी करत नाही, कारण त्यावर कोणी थांबत नाही. थांबतात भांडणावर. खालच्या कमेंट वाचल्यात ना तुम्ही? 'भाऊ कसला तो कसाई', 'कोर्टात खेचा'. लिहिणाऱ्याला ना तुमचं शेत माहीत, ना बाबांच्या आजारपणात दवाखान्यात कोण बसलं होतं ते माहीत. पण त्या शब्दांनी तुमच्या मनातला दादा हळूहळू बदलला. तुम्ही माहेरी जाल तेव्हा समोर खरा दादा असेल आणि डोळ्यांपुढं रीलमधला. म्हणून जायच्या आधी निदान आठ-दहा दिवस हे बंद करा. तसं रील आलं की बोट दाबून धरा आणि 'नॉट इंटरेस्टेड' दाबा. सगळंच पुसून नव्यानं सुरुवात करायची असेल तर सेटिंगमध्ये सुचवलेला मजकूर 'रीसेट' करायची सोय आहे, मुलीला सापडेल. त्यानंतर रांगोळी पाहा, कीर्तन ऐका, शेळीपालन पाहा, जे आवडतं ते शेवटपर्यंत पाहा. यंत्र तेच आणायला लागेल.

त्या वकिलांच्या रीलमध्ये नंबर दिलेला असतो, 'सल्ल्यासाठी संपर्क करा'. तिकडं पैसे पाठवू नका, सातबाऱ्याचे आणि आधारचे फोटो तर अजिबात नाही. चांगले वकीलही रील करतात, पण मोबाईलवरून पारख करायला आपल्याला जमत नाही. कायदेशीर सल्ला हवा असेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईला तिथं मोफत मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं.

निळ्या गोलाची भीती सोडा. तुम्ही एकटीनं त्याला विचारलेलं दादाला दिसत नाही, वहिनीलाही नाही. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम दोन्ही चालवणाऱ्या मेटा कंपनीचा तो एआय आहे, २०२४ पासून आपल्याकडं आला. ग्रुपमध्ये त्याचं नाव घेऊन प्रश्न टाकला तरच तो ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसतो, तेवढं मात्र चुकून करू नका. पण घरच्यांना दिसत नाही म्हणजे कोणालाच दिसत नाही असंही नाही. तुमचे आपसातले मेसेज कुलूपबंद असतात, कंपनीलाही वाचता येत नाहीत. गोलाला विचारलेलं मात्र कंपनीकडंच जातं. १६ डिसेंबर २०२५ पासून मेटानं या गप्पांचा उपयोग कोणत्या जाहिराती आणि कोणता मजकूर दाखवायचा ते ठरवायलाही सुरू केला आहे. तुमचं व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम अकाउंट सेंटरमध्ये जोडलेलं असेल तर त्याला हक्कसोडपत्राचं विचारलं की इकडं रीलमध्येही सातबारा यायला लागू शकतो. शिवाय जमिनीच्या बाबतीत त्याचं उत्तर दरवेळी बरोबर असेलच असं नाही. शब्दाचा अर्थ विचारा, सही करायची की नाही हे विचारू नका.

आता दादाशी बोलायचं ते. संमतीपत्र आणि हक्कसोडपत्र हे दोन वेगळे कागद आहेत, आणि मला वाटतं दादाच्या डोक्यात, आणि थोडं तुमच्याही डोक्यात, ते एक झालेत. पीककर्जाला संमती दिली म्हणून शेतातला हक्क जात नाही. हक्कसोडपत्र मात्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवलं की वाटा गेला, पुढं मन बदललं म्हणून ते सहज फिरवता येत नाही. म्हणून त्याला जाऊन सांगा, "दादा, बँकेच्या संमतीवर मी सही करते, कागद वाचून करते, कधी येऊ ते सांग. तुझी पेरणी माझ्यामुळं अडणार नाही." तुम्ही खरंच करणार असाल तरच हे सांगा. कर्ज किती आणि जमीन किती अडकते ते त्या कागदावर वाचा, लहान बहिणीलाही वाचून दाखवा. मग म्हणा, "हक्कसोडाचं मला समजून घ्यायचं आहे. ते रील मी मुद्दामच ऐकलं. तुला तोंडावर विचारायची हिंमत झाली नाही म्हणून मोबाईलला विचारलं, तेवढं माझं चुकलं."

हे शेवटचं वाक्य मात्र म्हणाच. तुमच्या पत्रातली चूक म्हणावी तर मला ती एवढीच दिसली. सही करायला हो म्हटल्यानंतर मनात शंका आली आणि ती तुम्ही ना दादाला सांगितली, ना बहिणीला. शंका येणं रास्त होतं. ती त्याला तुमच्या तोंडून आधी कळायला हवी होती, पण त्याला ती कळली कोपऱ्यातल्या एका फोटोवरून.

तो चिडेल कदाचित. "म्हणजे तुले वाटा पाहिजे" असं म्हणेल. त्या घडीला हो किंवा नाही काहीच म्हणू नका. "अजून ठरलं नाही, ठरलं की सगळ्यांत आधी तुलाच सांगीन" असं म्हणा आणि चहा झाला की निघा. पहिल्या भेटीत एवढं पुरे. वहिनीशी स्क्रीनशॉटवरून वाद घालू नका. तिनं टाकला ते वाईटच केलं, पण पेरणीची काळजी तिच्याही उशाशी असते, आणि तिच्या नावानं सातबाऱ्यावर एक ओळसुद्धा नाही.

आणि ताई, आईबद्दल. तुमच्या अख्ख्या पत्रात आई दोनदा येते, एकदा सातबाऱ्यावर नाव म्हणून आणि एकदा साध्या फोनवाली म्हणून. त्या शेतात तिचाही तुमच्याइतकाच वाटा आहे, आणि तिला काय वाटतं ते अजून कोणीच विचारलेलं दिसत नाही, ना दादानं, ना तुम्ही. तिच्या फोनवर रील नाही, स्टेटस नाही, निळी टीक नाही. तिला एवढंच माहीत असेल की लेक तीन महिने झाले आली नाही आणि पोरगा तिचं नाव काढत नाही. आज दिवाबत्तीच्या वेळी तिला साधा फोन लावा. घरात कोण कोण आहे ते विचारू नका, दादाचं काढू नका. एवढंच म्हणा, "माय, मी येत्या आठवड्यात येऊन राहिली, बाबाच्या घागरीले काय काय आणायचं ते सांग."